ओसरीवरच्या गप्पा : बाटली कोणी कोणास दिली?

गेला पंधरवडाभर आमच्या घरात एका छायाचित्रावरून जो वाद माजून राहिला आहे, तो हा मजकूर छापखान्यात जाईपर्यंत तरी मिटेल असे चिन्ह दिसत नाही. छायाचित्र सत्तर वर्षांहून जुने आहे. डोंगरातील चढाचा रस्ता. त्यावर दोन सायकलस्वार, एक पुढे व एक त्याच्या पाठीस लागून. पुढच्याने हात मागे केला आहे, मागच्याने पुढे केला आहे, आणि त्या दोन हातांमध्ये पाण्याची एक बाटली आहे. पुढचा फाउस्तो कोप्पी आणि मागचा जीनो बार्ताली. फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील गालिब्ये घाटातले, 1952 सालचे, म्हणून ते ओळखले जाते.

आमच्या थोरल्या पुतण्याचे म्हणणे असे की, बार्तालीने दिली व कोप्पीने घेतली. धाकटा म्हणतो, छे, पुढचा मागे हात करतो तो देण्यासाठीच. दोघांनीही भिंग आणून अंगठ्यांची दिशा तपासली. इटलीत हाच वाद ते चित्र छापून आल्या दिवसापासून चालत आलेला आहे, आणि मुळात चित्रच सांगूनसवरून काढविलेले आहे असे म्हणणारा तिसरा पक्षही तेथे आहे. शेवटी प्रकरण आमच्या आत्याबाईंपुढे गेले. त्यांनी चष्मा लावून चित्र पाहिले आणि म्हणाल्या, "ह्यात हात दिसतात रे, तहान कोणाला लागली होती ते कुठे दिसतंय?" निकाल काही लागला नाही, पण आम्ही मात्र विचारात पडलो, आणि त्या दोन माणसांविषयी मिळेल ते वाचीत बसलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम ह्या खेळाविषयी दोन शब्द. सायकलची शर्यत म्हणजे ज्याचे पाय बळकट तो जिंकला, एवढीच आमची आजवरची समजूत. ती खोटी निघाली. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्याची बहुतेक शक्ती वाऱ्याशी झुंजण्यात खर्च होते. दुसऱ्याच्या मागल्या चाकाशी आपले पुढले चाक भिडवून जो जातो त्याचे कष्ट चतुर्थांशाहूनही अधिक वाचतात. म्हणून व्यावसायिक शर्यतींत एकेकट्या स्वारांऐवजी संघ उतरतात. संघात नायक एक. बाकीच्यांनी त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यावयाचा, वाटेतील हौदांवर उतरून त्याच्यासाठी बाटल्या भरून आणावयाच्या, त्याच्या सायकलीचे टायर फुटले तर आपले चाक काढून द्यावयाचे आणि स्वतः रस्त्याच्या कडेला उभे राहावयाचे. इटालियन भाषेत अशा साहाय्यकास 'ग्रेगारिओ' म्हणतात. लॅटिनमध्ये कळपाला जो शब्द आहे त्यापासून हा निघाला, म्हणजे नावातच त्याची पायरी सांगितलेली आहे. जिंकलेल्या रकमेत त्याचा वाटा असतो. नावात मात्र नसतो. फ्रान्सची प्रदक्षिणा म्हणजे 'तूर द फ्रान्स', आणि इटलीची ती 'जिरो'. दोन्ही सुमारे तीन आठवडे चालतात. रोज एक मजल, रोज घड्याळाचा हिशेब, आणि ज्याची एकंदर वेळ सर्वांत कमी तो फ्रान्सात पिवळा सदरा घालतो, इटलीत गुलाबी.

संघ एक आणि पहिला क्रमांकही एकच. साऱ्या भांडणाचे मूळ एवढ्यातच आहे.

1940 साली लेन्यानो नावाच्या सायकल-कारखान्याच्या संघाचा नायक बार्ताली होता. वय पंचवीस, जिरो दोनदा व तूर एकदा जिंकलेला. फ्लॉरेन्सजवळील पोन्ते आ एमा ह्या गावचा, स्वभावाने हेकट, बोलण्यात फटकळ, आणि धर्माचरणात इतका कडक की लोक त्यास 'भाविक जीनो' म्हणत. त्याचा धाकटा भाऊ जूलिओ हाही शर्यतींत उतरत असे; 1936 साली शर्यतीतच अपघात होऊन तो गेला. बार्तालीने त्या वेळी सायकल कायमची टाकून देण्याचे ठरविले होते, पण जवळच्यांनी मन वळविले. अशा माणसाच्या हाताखाली त्या वर्षी वीस वर्षांचा एक काटकुळा मुलगा साहाय्यक म्हणून आला. कास्तेल्लानिया नावाच्या डोंगरावरील खेड्यातील शेतकऱ्याचा हा मुलगा. नोव्ही लिगुरे येथे एका खाटकाच्या दुकानी नोकर होता आणि सायकलवरून गिऱ्हाइकांच्या घरी माल पोहोचवीत असे. तेथील काव्हान्ना नावाच्या एका आंधळ्या अंगमर्दकाने नुसत्या बोटांनी त्याचे स्नायू चाचपून त्याची पारख केली. हा कोप्पी.

त्या वर्षीच्या जिरोच्या दुसऱ्याच मजलेस, उतारावर एक कुत्रे आडवे आले आणि बार्ताली पडला. दुखापत झाली, वेळ गेला. पुढे फ्लॉरेन्सहून मोदेनास जाताना, पावसात, आबेतोने घाटात हा नवखा मुलगा सर्वांना मागे टाकून निघून गेला आणि गुलाबी सदरा त्याच्या अंगावर चढला. पाणी आणण्यासाठी ज्याला नेमला तोच गादीवर बसला! नायकाने दुखापतीचे निमित्त करून घर गाठले असते तर कोणी नावे ठेविली नसती. बार्ताली राहिला. पुढे दोलोमिती पर्वतात कोप्पीचे पोट बिघडले, पाय उचलेनात, आणि तो सायकलवरून उतरला. तेव्हा बार्तालीने रस्त्याकडेचे बर्फ उचलून त्याच्या मानेवर चोळले व सदऱ्यात कोंबले, आणि अशी खरडपट्टी काढली की पोर रागाने पुन्हा सायकलवर बसले, असे सांगतात. 9 जून रोजी मिलान येथे कोप्पी विजयी झाला. इतक्या लहान वयात जिरो त्यापूर्वी कोणी जिंकला नव्हता. दुसऱ्याच दिवशी इटली महायुद्धात उतरला आणि त्या विजयाची बातमी कोणाच्या लक्षातही राहिली नाही.

त्या बर्फाला उपकार म्हणावे काय? आम्हांस वाटते, खुद्द बार्तालीलाही ते सांगता आले नसते. संघाचा मान राखणे हे त्याचे काम होते व ते त्याने चोख केले. पण जी खरडपट्टी काढली ती निव्वळ प्रेमाची होती असेही नव्हे. एकत्र कुटुंबात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना ही मिसळ ओळखीची वाटेल.

युद्धाची पाच वर्षे दोघांना दोन दिशांना घेऊन गेली. कोप्पी सैन्यात भरती झाला, 1943 साली ट्युनिशियात इंग्रजांच्या हाती लागला आणि बंदिवासात राहिला. बार्तालीने सराव करण्याच्या मिषाने फ्लॉरेन्स व असीसी यांच्या दरम्यान फेऱ्या घातल्या. सायकलीच्या नळीत ज्यू कुटुंबांसाठी केलेली बनावट ओळखपत्रे दडविलेली असत. ह्याबद्दल तो जन्मभर जवळजवळ मुकाच राहिला. इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला तो 2013 साली, त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी.

युद्ध संपल्यावर कोप्पी ब्यांकी कारखान्याच्या संघात गेला आणि घर वेगळे झाले. 1946 चा जिरो बार्तालीने अवघ्या 47 सेकंदांनी जिंकला. 1947 चा कोप्पीने. मग साऱ्या इटलीची दोन शकले झाली. देवळात जाणारे बार्तालीचे, न जाणारे कोप्पीचे. जुने ते ह्याचे, नवे ते त्याचे. त्या दोघांना विचारून कोणी हे ठरविले नव्हते. 1948 साली, पहिल्या विजयानंतर दहा वर्षांनी, बार्तालीने पुन्हा तूर जिंकला आणि त्याच्या पक्षाला आकाश ठेंगणे झाले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात हॉलंडमधील वाल्केनबुर्ख येथे जागतिक अजिंक्यपदाची शर्यत होती. तेथे कारखान्यांचे संघ नसतात, राष्ट्रांचे असतात. म्हणून दोघांना एकाच इटालियन संघात यावे लागले. मग काय झाले? कोप्पी पुढे सरकला की बार्ताली मागे चिकटे. बार्तालीने वेग घेतला की कोप्पी त्याच्या सावलीत. दोघांचे डोळे एकमेकांच्या चाकांवर. इतर देशांचे स्वार भराभर पुढे निघून गेले, आणि अखेर ह्या दोघांनी शर्यतच सोडून दिली. सवतीसंबंधी आपल्याकडे जी एक म्हण आहे ती ओसरीवर उच्चारण्याजोगी नाही. वाचकांस ती ठाऊक असेलच. इटलीच्या सायकल-संघटनेने दोघांवरही काही काळ स्पर्धाबंदी घातली, ती आमच्या मते अगदी योग्य झाली.

आता 1949. त्या काळी तूरमध्येही राष्ट्रांचेच संघ उतरत. इटलीच्या संघाचा व्यवस्थापक होता अल्फ्रेदो बिंदा. हा गृहस्थ स्वतः पाच वेळा जिरो व तीन वेळा जागतिक अजिंक्यपद जिंकलेला. 1930 साली तर, हा उतरला तर शर्यतीत काही रंगच राहणार नाही, म्हणून जिरोच्या चालकांनी त्याला घरी बसण्याबद्दल बक्षिसाइतके पैसे मोजले होते. ज्याच्याशी स्पर्धा कशी करावी असा लोकांना प्रश्न पडे, तोच आता दोन स्पर्धकांना एका छपराखाली नांदविण्याच्या खटपटीस लागला. दोघांना समोरासमोर बसवून त्याने एक करार घडवून आणला. दोघांचे साहाय्यक ज्याचे त्याचे राहावयाचे. पण वाल्केनबुर्खचा तमाशा पुन्हा व्हावयाचा नाही. बिंदाने त्यांना एकमेकांवर प्रेम करावयास सांगितले नाही, ही त्यातील शहाणपणाची गोष्ट आम्हांस सर्वांत आवडली. आपल्याकडील कित्येक घरांतून भावांना जवळ बसवून आधी गळ्यात गळे घालावयास लावतात. स्वयंपाकघराचा खर्च कोणी किती द्यावयाचा हे ठरविण्याचे तसेच राहून जाते.

करार झाला तरी विश्वास कोठून येणार? पाचव्या मजलेस, रूआँहून सँ-मालोस जाताना, कोप्पी आघाडीवर असता एका खेड्यात पडला आणि त्याची सायकल मोडली. जवळच्या मोटारीतून दुसरी सायकल पुढे केली, ती तो घेईना. त्याला स्वतःचीच दुसरी सायकल हवी होती, आणि ती बिंदाच्या मोटारीवर होती. बिंदा मागे बार्तालीजवळ होता. झाले! कोप्पीच्या मनाने घेतले की, व्यवस्थापक पहिल्यापासून थोरल्याच्याच बाजूचा आहे. तो रस्त्यातच थांबला, पुढे चाललाही तर मन नसल्यासारखा, आणि त्या मजलेअखेर अर्ध्या तासाहून अधिक मागे पडला. मी घरी जातो, हे एकच पालुपद. त्या रात्री बिंदाने त्याची समजूत कशी घातली ते त्यालाच माहीत. मोडली ती सायकल. पण दुखावले होते ते ह्या शंकेने, की आपण पडलो तेव्हा घरचा कर्ता दुसऱ्याच्या पाठीशी उभा होता. मोटार पुढे न्यावी की मागे ठेवावी एवढ्यावरून केवढे महाभारत!

असो. कोप्पी राहिला आणि हळूहळू अंतर भरून काढू लागला. 18 जुलैच्या दिवशी कान ते ब्रियांसों ही आल्प्समधील मजल होती. इझोआरच्या उजाड, दगडी घाटात ते दोघेच पुढे निघाले. बाकी सारे मागे. आळीपाळीने वारा अंगावर घेत ते चढले. त्या दिवशी बार्तालीला पस्तीस वर्षे पूर्ण होत होती. कोप्पीने त्याला मजल जिंकू दिली, आणि पिवळा सदरा बार्तालीच्या अंगावर आला.

दुसऱ्या दिवशी ब्रियांसोंहून इटलीच्या हद्दीतील आओस्ता गावी जावयाचे होते. पुन्हा दोघेच पुढे. उतारावर बार्तालीचे टायर फुटले, कोप्पी थांबला. थोड्या वेळाने बार्ताली पडला. आता काय करावे? थांबावे, तर मागचे येऊन गाठतील. जावे, तर काल ज्याला वाढदिवसाची भेट दिली त्यालाच आज रस्त्यात टाकून गेल्यासारखे होईल. कोप्पीने निर्णय स्वतः घेतला नाही. त्याने बिंदाकडे पाहिले, आणि बिंदाने 'जा' म्हटले. त्या संध्याकाळी पिवळा सदरा कोप्पीकडे आला तो अखेरपर्यंत त्याच्याकडेच राहिला. पॅरिसला कोप्पी पहिला. बार्ताली 10 मिनिटे 55 सेकंदांच्या अंतराने दुसरा. तिसरा आणखी चौदा मिनिटे मागे. एकाच वर्षी जिरो आणि तूर दोन्ही जिंकणारा कोप्पी हा पहिलाच.

'जा' हा एक शब्द बिंदाने उच्चारला नसता तर? कोप्पी बहुधा गेलाच असता. त्याच्या पायांत तेवढे बळ होते. पण मग तो पळून गेला असे झाले असते. बार्तालीलाही पराभव सोसणे त्यामुळे सोपे गेले असावे. धाकट्यापुढे नमणे त्याला जन्मात जमले नसते. कर्त्याच्या शब्दापुढे नमणे जमले.

दीनो बुत्साती ह्या इटालियन साहित्यिकाने त्याच वर्षीच्या जिरोचे वृत्तांत वर्तमानपत्रात लिहिले होते. त्यात त्याने ह्या जोडीस हेक्टर व अकिलीस यांची उपमा दिली. उपमा मोठी खरी, पण ते दोन वीर शत्रुसैन्यांतले. आम्हांस कर्ण व अर्जुन अधिक जवळचे वाटतात. एका आईची लेकरे, आणि शंका अशी की, आईचा हात कोणाच्या पाठीवर?

ज्या 1952 सालच्या छायाचित्रापासून आरंभ केला त्याच वर्षीच्या तूरमध्ये, त्या घाटाच्या तीनच दिवस आधी, एक प्रसंग घडला. कोप्पीच्या साहाय्यकांत आंद्रेआ कार्रेआ नावाचा एक गडी होता. युद्धात नाझींच्या बुखेनवाल्ड छावणीतून जिवंत परतलेला. कोप्पीवर देवासारखी निष्ठा. लोझानच्या मजलेस काही स्वार पुढे पळाले तेव्हा आपल्या नायकाच्या वतीने पाळत ठेवावी म्हणून हाही त्यांच्याबरोबर गेला. मजल संपल्यावर हा बिऱ्हाडी निघाला, तोच बोलावणे आले. हिशेब केला असता एकंदर वेळात कार्रेआ पहिला ठरला होता! पिवळा सदरा अंगावर चढविताना तो ढसढसा रडला, आणि मग कोप्पीकडे जाऊन त्याने क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझच्या चढावर कोप्पीने तो सदरा जिंकून घेतला.

हा प्रसंग मी ओसरीवर वाचून दाखवीत होतो तेव्हा आमचे ज्येष्ठ बंधू झोपाळ्यावर बसले होते. वडील लवकर गेले. दादा मॅट्रिकला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले, आणि दुसऱ्याच महिन्यात कारकुनीवर रुजू झाले, ते मी पुढे शिकावे म्हणून. मी पदवी घेतली त्या दिवशी गावभर पेढे त्यांनीच वाटले. पुढे माझे नाव छापून येऊ लागले. त्यांचे नाव आमच्या रेशनकार्डावर पहिले आहे, तेवढेच. ह्याविषयी आमच्यात कधी एक शब्द झालेला नाही. वाचन थांबल्यावर दादांनी विचारले, "तो कार्रेआ कोप्पीकडे जाऊन काय म्हणाला म्हणालास?"

"क्षमा मागितली."

दादा हसले. म्हणाले, "क्षमा कसली रे? एक दिवस का होईना, अंगाला लागला ना!" आणि झोपाळ्याला पायाने रेटा दिला. मला पुढचे पान काही वेळ दिसेना.

त्यानंतरच्याच मजलेत गालिब्येचा घाट आला. पुढे जो होता त्याच्या अंगात पिवळा सदरा होता आणि तो तूर त्याने 28 मिनिटांच्या अंतराने जिंकला. मागे जो होता तो त्या महिन्यात अडतिसावे वर्ष पुरे करीत होता. त्याने चौथा क्रमांक मिळविला. बारा वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी पाणी आणावयाचे त्याच्यापुढे आता पाणी आणणारा चालला होता. म्हणून तर लोकांना त्या बाटलीचे एवढे कोडे. बार्तालीने दिली म्हटले, तर थोरल्याने आपली गादी हसत सोडली असे होते. कोप्पीने दिली म्हटले, तर धाकट्याने जुने ऋण फेडले असे. ज्याला जे घडलेले हवे असेल तसा तो अंगठा पाहतो. आमच्या दोन पुतण्यांपैकी थोरला बार्तालीच्या बाजूचा आणि धाकटा कोप्पीच्या बाजूचा का, हे आता आमच्या ध्यानी आले आहे. त्यांना मात्र ते आम्ही सांगितलेले नाही.

पुढची हकीकत थोडक्यात. बार्तालीने 1954 साली निवृत्ती घेतली. कोप्पीचा भाऊ सेर्से हाही 1951 साली शर्यतीतील अपघातानेच गेला होता. म्हणजे एकाच जातीचे दुःख दोघांच्याही वाट्यास आले. नंतर कोप्पीचा संसार मोडला, कोर्टकचेरी झाली, जी वर्तमानपत्रे त्याला डोक्यावर घेऊन नाचत होती ती त्याच्या घराच्या खिडक्यांतून डोकावू लागली. पाय थकले तरी त्याने शर्यती सोडल्या नाहीत. कडक भाविक बार्तालीला त्याचे वागणे रुचणे शक्य नव्हते. तरीही 1959 साल सरत असता बार्तालीने, तो आता सान पेल्लेग्रिनो नावाच्या संघाचा व्यवस्थापक झाला होता, येत्या हंगामासाठी कोप्पीला आपल्या संघात घेतले. चाळीस वर्षांचा कोप्पी पुन्हा बार्तालीच्या हाताखाली, 1940 साली होता तसा.

त्या डिसेंबरात कोप्पी काही फ्रेंच सोबत्यांबरोबर पश्चिम आफ्रिकेतील अप्पर व्होल्टा देशात शर्यतीस व शिकारीस गेला. तेथून येताना त्याने आणि राफाएल जेमिनियानी ह्या सोबत्याने हिवताप आणला. जेमिनियानी वाचला. कोप्पीचा रोग इटलीतील डॉक्टरांस वेळेवर ओळखता आला नाही, आणि 2 जानेवारी 1960 रोजी तोर्तोना येथील रुग्णालयात तो वारला. हंगाम सुरू होण्यास अजून काही आठवड्यांचा अवकाश होता.